चलनातल्या जुन्या नाण्यांच्या छापातले भेद कसे ओळखावेत

एक पथ्य आधीच सांगून टाकतो: नाणे घासायचे नाही. लखलखीत करण्याच्या नादात ज्या बारीक खुणा शोधायच्या, त्याच पुसल्या जातात. हवे ते इतकेच: पाच ते दहा पट मोठे दाखवणारे भिंग, एका बाजूने तिरपा प्रकाश टाकणारा दिवा आणि ग्रॅमचा शंभरावा भाग मोजणारा छोटा काटा.

आता एकाच मूल्याची, एकाच वर्षाची नाणी वेगळी काढा आणि दोन-दोन शेजारी ठेवून पाहा. सुटे नाणे कितीही न्याहाळले तरी फारसे काही सांगत नाही.

सुरुवात टांकसाळीच्या खुणेपासून करा. भारतीय नाण्यांवर ती वर्षाच्या खाली असते. ठिपका म्हणजे नोएडा, तारा म्हणजे हैदराबाद, हिऱ्याचा आकार म्हणजे मुंबई आणि खूणच नसेल तर कोलकाता. खूण वेगळी म्हणजे नाणे चुकीचे, असे मात्र नाही.

मग आकडे आणि कडेचे मणी, म्हणजे कडेलगत ओळीने असलेले उठावदार ठिपके. कॅनडाच्या १९६५च्या एक सेंटच्या नाण्यांवर ५चे टोक कुठे अणकुचीदार, कुठे बोथट. मणी कुठे लहान, कुठे मोठे. अशा चार जोड्या होतात आणि त्यांत मोठे मणी व अणकुचीदार ५ ही जोडी दुर्मीळ. मण्यांचा आकार नुसत्या नजरेला चकवतो. त्यापेक्षा एखाद्या अक्षराचे टोक मण्यावर येते की दोन मण्यांमधल्या फटीवर, ते पाहा.

दोन्ही बाजू वाचायला विसरू नका. ब्रिटनच्या २० पेन्सवर २००८मध्ये वर्षाची जागा मागून पुढे गेली. काही नाण्यांवर नवी मागची बाजू जुन्या दर्शनी बाजूशी जोडली गेली आणि वर्ष कुठेच उरले नाही!

काटा लागतो तो अमेरिकेच्या १९८२च्या सेंटसारख्या ठिकाणी. त्या वर्षी तांब्याचे ३.११ ग्रॅमचे आणि जस्ताचे २.५ ग्रॅमचे, असे दोन्ही सेंट निघाले. दिसायला ते सारखेच.

सर्वांत जास्त फसगत होते ती दुहेरी अक्षरांत. अक्षर दोनदा दिसले की लोक सुतावरून स्वर्ग गाठतात. ठसा, म्हणजे नाणे छापणारा धातूचा साचा, घडवतानाच त्यावर प्रतिमा दोनदा उमटली असेल, तर दुसरे अक्षरही गोलसर आणि उठावदार असते, टोकाशी फाटा फुटलेला दिसतो आणि अक्षर जाड भासते. १९५५चा प्रसिद्ध अमेरिकन सेंट असाच. छापताना ठसा नुसता हलला असेल, तर अक्षराच्या बाजूला चपटी पायरी पडते आणि मूळ अक्षर उलट बारीक होते. हा दुसरा प्रकार ढिगाने सापडतो; त्याला वेगळा छाप म्हणत नाहीत.

रेघांचेही तसेच. वर उठलेली रेघ बहुधा ठशाला गेलेल्या तड्याची. खोल गेलेली असेल तर बहुतेक वेळा तो वापरातला ओरखडा. अक्षर अर्धवट दिसले, तर ठशात वंगण साचले असावे किंवा नाणे झिजले असावे. झीज आधी उंच भागांवर दिसते, म्हणून तिथे पाहून ठरवा.

शंकास्पद नाणे त्याच्या साध्या जोडीदारासह कागदी पाकिटात ठेवा. वर्ष, खूण आणि दिसलेला फरक वर लिहा. पुढे कधी नेमका तोच फरक, त्याच जागी, दुसऱ्या नाण्यावर सापडला, तर तो ठशातला मानायला हरकत नाही.