गरिबीचे आकडे वापरताय? मग या चुका टाळा

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे "महाराष्ट्रातली गरिबी १७.३५ टक्के होती ती ७.८१ वर आली". आकडे दोन्ही खरे आहेत, वजाबाकी चुकीची आहे. पहिला २०११-१२ चा, तेंडुलकर समितीच्या गरिबीरेषेवरचा, म्हणजे माणशी खर्च किती त्यावरून काढलेला. दुसरा २०१९-२१ चा, नीती आयोगाच्या बहुआयामी निर्देशांकाचा, त्यात खर्च मोजतच नाहीत, पोषण, शाळा, संडास, चुलीचं इंधन, बँक खातं असे १२ निकष बघतात. तुलना करायचीच असेल तर त्याच निर्देशांकाचा २०१५-१६ चा आकडा घ्या, तो साधारण १४.८ आहे.

वर्ष एकच असलं तरी रेषा तपासा. २०११-१२ मध्ये देशात गरीब किती? तेंडुलकर पद्धतीने २१.९ टक्के, रंगराजन समितीने २९.५. ताटातलं तेवढंच, फक्त रेषा वर सरकली.

वर्ल्ड बँकेच्या माणशी रोज ३ डॉलरच्या रेषेला आजच्या रेटने गुणू नका, तो क्रयशक्तीचा डॉलर असतो, म्हणजे अमेरिकेत एका डॉलरला जे मिळतं ते इथे घ्यायला जेवढे रुपये लागतात तेवढा, आपल्याकडे ढोबळ वीस-बावीस रुपयांचा. आणि २०११ मध्ये नियोजन आयोगाच्या शहरी गरिबीरेषेचे म्हणून गाजलेले ते ३२ रुपये माणशी रोजच्या खर्चाचे होते, कमाईचे नाहीत, ते एका माणसाच्या मजुरीशी लावून बघू नका. रेषा फारच खाली होती हे माझंही ठाम मत आहे, पण टीका बरोबर आकड्यावर करूया.

आता जे कुणीच बघत नाही ते, प्रश्न कसा विचारला. मी सर्व्हेला जायचो तेव्हा एका घरी विचारलं, ताई महिन्याला तेल किती लागतं? त्या म्हणाल्या, "दादा महिन्याचं काय सांगू, काल दहा रुपयाचं आणलं, परवा शेजारणीकडून घेतलं." तरी अंदाजाने एक आकडा दिला. मग आठवड्याचं विचारलं तर बोटांवर मोजून सांगितलं आणि महिन्याचा हिशेब आधीपेक्षा बराच जास्त निघाला. खर्च जास्त दिसला की गरिबी कमी दिसते. १९९९-२००० च्या देशभरच्या सरकारी खर्च-पाहणीत खाण्याच्या वस्तूंचा ७ दिवसांचा आणि ३० दिवसांचा खर्च एकाच घरात शेजारी शेजारी विचारला, उत्तरं एकमेकांत मिसळली, त्यामुळे देशातली गरिबी १९९३-९४ च्या ३६ टक्क्यांवरून २६.१ वर आली ती घसरण खरी किती यावर अर्थतज्ज्ञ कित्येक वर्षं भांडत राहिले.