व्हर्च्युअल रिहॅब: स्कोअर वाढतो, हात मात्र तिथेच? या चुका टाळा

व्हर्च्युअल रिहॅब म्हणजे स्ट्रोकनंतर (पक्षाघातानंतर) हातपाय हलवून पडद्यावरचे गेम खेळत केलेला व्यायाम. पडद्यावरचा फुगा फुटला की घरचे टाळ्या वाजवतात. तो हाताने फोडला की अख्खं धड पुढे झोकून, हे गेमला बहुधा कळत नाही. पंजा कुठे पोचला एवढंच तो मोजतो. स्ट्रोकनंतर कोपर सरळ होत नसेल तर शरीर पळवाट शोधतं: कंबर वाकते, खांदा कानाकडे चढतो, कोपर बाहेर फाकतं. रोज गिरवलं की तेच अंगवळणी पडतं.

मूळ चूक बहुतेकदा लक्ष्य लांब ठेवण्यात असते. आवाक्याच्या टोकाची वस्तू घेताना धडधाकट माणूसही झुकतोच. काखेपासून मनगटापर्यंत मोजा. 54 सेंमी भरलं तर लक्ष्य आधी 36 सेंमीच्या, म्हणजे दोन-तृतीयांशाच्या, आसपास ठेवा. पाठ आणि खुर्ची यांच्यामध्ये घडी घातलेला टॉवेल अडकवा. टॉवेल घसरला म्हणजे धड निघालं. तो पॉइंट धरू नका. छातीवरून पट्टा बांधूनही धड थोपवता येतं, पण कायम बांधून ठेवलात तर धड स्वतः सावरायला शिकणार कधी?

उभ्याने तोल साधताना फसगत जास्त. बॅलन्स बोर्डवर (पायांखालची, भार ओळखणारी फळी) उभं राहिलं की पडद्यावरचा ठिपका कमजोर बाजूला सरकतो, प्रत्यक्षात खांदे तेवढे कललेले असतात आणि कंबर चांगल्या पायावरच. दोन सारखे वजनकाटे घ्या, प्रत्येकावर एक पाय. 70 किलोच्या माणसाचे आकडे 42 आणि 20 आले तर नुसता फरक पाहू नका, बेरीजही करा: उरलेले 8 किलो कठड्यावरच्या हातात आहेत. कमजोर पायाचा गुडघा मागे लॉक होत असेल तर भार कमी करा.

सोबतच्याने कमजोर बाजूला, किंचित मागे उभं राहावं आणि कमरेच्या पट्ट्याला धरावं. दंड ओढू नये, खांदा निखळू शकतो. फार जवळ उभं राहिलं तर कॅमेरा भलताच हात पकडतो, तेही बघा. डोळ्यांवर चढवायचा हेडसेट असेल तर सुरुवात बसूनच.

एकाच बाजूची लक्ष्यं सतत सुटत असतील तर दोष हाताचा नसेलही. त्या बाजूकडे लक्षच जात नसेल. चांगल्या हातापायाने रेटून रुग्ण कमजोर बाजूला ढकलला जात असेल तर खेळ थांबवून फिजिओथेरपिस्टला दाखवा.

मोबाइलवर बाजूने एकेक मिनिटाचं चित्रण करा, सुरुवातीला आणि शेवटी. शेवटच्यात वाकणं वाढलेलं दिसलं तर उद्याचा सेट छोटा करा.