फळ्यावरच्या चार ओळी: साथीची बातमी आणि प्रशिक्षण दवाखान्यात कसं उतरवायचं

आरोग्य खात्याचं साप्ताहिक पत्रक अकरा पानांचं होतं. आसपास गोवराच्या केसेस सापडू लागल्यात ही बातमी चौथ्या पानावर, एका तक्त्याच्या खाली. तीन दिवस ते माझ्या इनबॉक्समध्ये न उघडता पडून राहिलं. चौथ्या दिवशी ताप, खोकला आणि लाल डोळे असलेला दोन वर्षांचा मुलगा वेटिंग रूममध्ये आईच्या मांडीवर पाऊण तास बसला. आत आल्यावर आईने त्याचा शर्ट वर केला तेव्हा पुरळ दिसला. कानामागून सुरू होऊन छातीवर उतरलेला, पाठ्यपुस्तकातल्यासारखा. तोवर बाहेर एक गरोदर बाई, लसीच्या वयाला न पोचलेली दोन तान्ही बाळं आणि केमोथेरपी चालू असलेले एक आजोबा येऊन गेले होते.

गोवराचा पेशंट पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून नंतरच्या चार दिवसांपर्यंत आजार पसरवतो, आणि तो उठून गेल्यावरही विषाणू बंद खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. संपर्कात आलेल्यांना लस द्यायची तर ७२ तासांत. ज्यांना लस चालत नाही त्यांना इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) सहा दिवसांत. सिस्टर आणि मी रजिस्टर पुढे घेऊन रात्री दहापर्यंत फोन करत होतो. बातमी मिळालीच नाही असं म्हणायचीही सोय नव्हती. मिळाली होती, मीच उघडली नव्हती.

त्यानंतर दवाखान्यात जी पद्धत बसवली ती इथे लिहिते आहे. एकट्याने किंवा दोन-तीन जणांत प्रॅक्टिस करणाऱ्यांना ती जमण्यासारखी आहे.

पहिलं काम म्हणजे वाचायचं कोणी आणि कधी, हे ठरवून टाकणं. ‘वेळ मिळेल तसं वाचू’ म्हणजे कोणीच वाचत नाही. आमच्याकडे रोज ओपीडी सुरू होण्याआधीची दहा मिनिटं त्यासाठी आहेत. एक आठवडा मी, एक आठवडा सिस्टर. सिस्टरना ते जमेल का, असं मला आधी वाटलं होतं. आता खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा त्या बारकाईने वाचतात, कारण फोनवर पेशंट विचारणार आहेत ते त्यांनाच.

वाचायचं काय? सगळ्यात आधी आपल्या भागातल्या आरोग्य खात्याचं साप्ताहिक पत्रक. नंतर लॅब. ज्या लॅबकडे आपले नमुने जातात तिथल्या मायक्रोबायॉलॉजिस्टला आठवड्यातून एकदा फोन करून ‘सध्या काय पॉझिटिव्ह येतंय?’ एवढंच विचारा. पत्रक छापून येईपर्यंत जे दिसत नाही ते त्या दोन मिनिटांत कळतं. लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून करतात त्या तपासणीत) कुठलं औषध चालेनासं झालंय हेही तिथेच कळतं, आणि आपल्या भागाचा हा हिशेब कुठल्याही परदेशी गाइडलाइनमध्ये सापडणार नाही. जगभरच्या बातम्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या साथ-सूचना आणि प्रोमेड (साथींच्या बातम्या देणारी ऑनलाइन सेवा) हे दोन पुरे. वुहानमधल्या अनाकलनीय न्यूमोनियाची नोंद प्रोमेडवर ३० डिसेंबर २०१९ ला आली होती आणि संघटनेची जाहीर सूचना ५ जानेवारी २०२० ला. पण या दोन्हींकडे मी आठवड्यातून एकदाच फिरकते. व्हॉट्सअ‍ॅपवरचं ‘तातडीचे, सर्व डॉक्टरांसाठी’ हे मूळ पत्रक सापडेपर्यंत फळ्यावर चढत नाही, मग ते कितीही मोठ्या प्रोफेसरांकडून आलेलं असो.

फळा म्हणजे खरोखरचा पांढरा फळा, ड्रेसिंग रूमच्या दारामागे. त्यावर एका आजाराला चारच ओळी. काय आणि कधीपासून. संशय कोणावर घ्यायचा. आपण आजपासून काय वेगळं करायचं. कळवायचं कुठे आणि किती वेळात. कोपऱ्यात पुसायची तारीख. गोवराची तिसरी ओळ आमच्याकडे अशी होती: ‘ताप + पुरळ असं फोनवर कळलं तर वेटिंगमध्ये बसवू नका, मागच्या दाराने थेट आत, मास्क, त्या खोलीत पुढचे दोन तास दुसरा पेशंट नाही.’ तिसरी ओळ लिहायला काहीच सुचत नसेल, तर ती बातमी फळ्यावर नको. वाचली, संपलं. पुसायची तारीख फालतू वाटते, पण सहा महिन्यांपूर्वीची सूचना तशीच लटकत राहिली की लोक नवीनही वाचत नाहीत.

पत्रक वाचताना मी दोन ठिकाणी फसले आहे. एक म्हणजे आलेखाचे शेवटचे दांडे. आजार सुरू झाल्याच्या तारखेनुसार काढलेल्या आलेखात ताज्या दिवसांचे दांडे नेहमी बुटके दिसतात, कारण आज आजारी पडलेला माणूस डॉक्टरकडे जाऊन, नमुना देऊन, रिपोर्ट येऊन मोजला जाईपर्यंत दिवस जातात. ते पाहून ‘साथ उतरली’ म्हणून मी एकदा फळा पुसला होता. दुसरं म्हणजे संशयित, संभाव्य आणि निश्चित हे तीन रकाने. बातमीत बेरीज येते, पत्रकात रकाने असतात. शिवाय व्याख्या मधेच बदलली की आकडा उडी मारतो, आजार तेवढाच असतो.

आता जरा गणित, कारण स्थानिक बातमीला एवढं महत्त्व का द्यायचं हे मला स्वतःला या गणितानेच पटलं. एक रॅपिड टेस्ट घ्या. तिची सेन्सिटिव्हिटी (आजार असलेल्यांना पकडण्याचं प्रमाण) ९५ टक्के, स्पेसिफिसिटीही (आजार नसलेल्यांना निगेटिव्ह दाखवण्याचं प्रमाण) ९५ टक्के. तापाचे हजार पेशंट आले आणि त्यांच्यात तो आजार खरोखर १ टक्का लोकांनाच आहे, म्हणजे दहा जणांना. त्यातले नऊ-दहा पॉझिटिव्ह येतील. तो आजार नसलेल्या उरलेल्या ९९० जणांपैकी ५ टक्के, म्हणजे जवळजवळ पन्नास जणही पॉझिटिव्ह येतील. साठेक पॉझिटिव्हमध्ये खरे दहाच. सहातला एक! आता साथ आली आणि त्याच हजारांत ३०० जणांना आजार आहे असं धरा. खरे पॉझिटिव्ह २८५, खोटे ३५. दहातले जवळपास नऊ खरे. टेस्ट तीच, किट तेच, डॉक्टर तोच. रिपोर्टचा अर्थ मात्र पूर्ण पालटला. आणि उलट बाजूही बघा: भर साथीत निगेटिव्ह रिपोर्टवर पूर्वीइतका भरवसा टाकता येत नाही. साथीच्या दिवसांत ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, घरी जा’ म्हणताना मी म्हणूनच एकदा थांबते. डेंग्यूत तर दिवसही मोजावा लागतो. एनएस-१ ही विषाणूचं प्रथिन शोधणारी टेस्ट पहिल्या चार-पाच दिवसांत उपयोगी, आयजीएम ही प्रतिपिंडांची टेस्ट त्याच्या पुढे. आणि ताप उतरला म्हणून घरचे निर्धास्त होतात नेमका तोच काळ जपायचा. पोटात जोरात दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती यांपैकी काहीही दिसलं तर टेस्टची वाट पाहायची नाही.

बातमी एकाच दिशेने येते असं मानू नका. आमच्या रजिस्टरच्या शेवटच्या पानावर चार रकाने आखलेले आहेत: ताप-पुरळ, पातळ जुलाब, कावीळ, आणि फ्लूसारखा आजार. शेवटच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या वापरतो: ३८ अंश किंवा जास्त ताप, सोबत खोकला, आणि सुरुवात गेल्या दहा दिवसांतली. प्रत्येक पेशंटमागे एक काडी. शनिवारी काड्या मोजायच्या. नेहमी आठवड्याला एखादी काडी पडते तिथे चार पडल्या की मी फोन उचलते, निदान पक्कं नसलं तरी. एकट्या फॅमिली डॉक्टरच्या वहीतून किती निघू शकतं याचं उदाहरण म्हणजे इंग्लंडमधल्या वेन्स्लीडेल खोऱ्यातले विल्यम पिकल्स. खेड्यापाड्यांतून फिरताना कोण कोणाला कधी भेटलं याची ते नोंद ठेवत, आणि त्या नोंदींवरून त्यांनी साथीच्या काविळीचा अधिशयन काळ (लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा) जवळजवळ महिन्याचा असल्याचं दाखवलं. जत्रा, लग्न, शाळा, एकच दिवस झालेली भेट, हे सगळं ज्याला माहीत तोच हे करू शकतो. मोठ्या इस्पितळात बसलेल्याला ते दिसत नाही. पुढे १९५३ मध्ये तिथल्या जनरल प्रॅक्टिशनर्सच्या कॉलेजचे ते पहिले अध्यक्ष झाले.

प्रशिक्षणाकडे येते. इथे माझं मत जरा तिखट आहे.

बरीच वर्षं मी मला आवडणाऱ्या विषयांच्या सीएमईला, म्हणजे डॉक्टरांच्या उजळणी-प्रशिक्षणाला, जात होते. डायबेटिस, डायबेटिस आणि परत डायबेटिस. सगळं समजतं, मान डोलावता येते, ओळखीचे भेटतात. त्वचा आणि कान या दोन विषयांना माझी फे फे उडायची, आणि त्यांच्या सीएमईच्या दिवशी मला नेमकं काहीतरी काम निघायचं. हा दोष माझ्या एकटीचा नव्हे, एवढाच दिलासा: डॉक्टरांचं स्वतःबद्दलचं मत आणि प्रत्यक्ष मोजलेलं कौशल्य यांचा मेळ फारसा बसत नाही, असं २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं होतं. तेव्हा ‘मला काय शिकायला हवं?’ हे स्वतःच्या मनाला विचारू नका, वहीला विचारा.

वही अशी. टेबलावर डाव्या हाताला एक छोटी डायरी. पेशंटसमोर अडलं की एक ओळ, नाव नाही, फक्त प्रश्न. ‘स्तनदा माता, हे औषध चालेल?’ ‘पांढरा चट्टा, संवेदना तपासली, धड कळलं नाही.’ ‘कानाचा पडदा दिसला, पण हा नॉर्मल का?’ १९८५ सालच्या एका अभ्यासात डॉक्टरांना दर तीन पेशंटमागे साधारण दोन प्रश्न पडत होते आणि बहुतेकांची उत्तरं त्या वेळी मिळत नव्हती, म्हणजे वही भरायला वेळ लागणार नाही. तीन महिन्यांनी माझ्या वहीत ७४ ओळी झाल्या. त्यातल्या २३ त्वचेच्या, १४ कानाच्या, आणि डायबेटिसच्या दोन. त्या वर्षीचं प्रशिक्षण त्यावरूनच ठरलं.

त्वचेसाठी मी कोर्स केलाच नाही. ओळखीच्या त्वचारोगतज्ज्ञाला विचारून दर गुरुवारी दुपारी त्यांच्या ओपीडीत मागे खुर्ची टाकून बसले, आठ गुरुवार. अट एकच घातली होती: पेशंट आत आला की त्यांनी बोलण्याआधी मी कागदावर निदान लिहायचं. पहिल्या दिवशी अकरापैकी चार बरोबर आली. कागद अजून जपून ठेवला आहे, गर्व वाटायला लागला की काढून बघते. नुसतं बसून पाहिलं असतं तर सगळंच ओळखीचं वाटलं असतं आणि हाती काही लागलं नसतं.

व्याख्यानांना जाऊ नका असं नाही, पण नुसत्या व्याख्यानाने डॉक्टरच्या हातात फारसा फरक पडत नाही. केस मांडून भांडायला मिळतं, हाताने करायला मिळतं, तिथे पडतो. जाहिरात आली की मी दोनच गोष्टी बघते: प्रश्नोत्तरांना किती वेळ आहे, आणि खर्च कोण करतंय. औषध कंपनीचा खर्च असला तरी कधी कधी जाते. मात्र ‘धोका ५० टक्क्यांनी कमी’ अशी स्लाइड आली की हात वर करून विचारते, किती वरून किती? दोन टक्क्यांवरून एक टक्का असेल तर तेही ५० टक्केच, आणि एकाला फायदा व्हायला शंभर जणांना औषध द्यावं लागणार. वक्ता चांगला असेल तर चिडत नाही. ऑनलाइन कोर्सबद्दल एवढंच: जेवताना ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत मिळवलेली सर्टिफिकेटं माझ्याकडेही आहेत.

तातडीच्या कौशल्यांचं मात्र वेगळं आहे. सीपीआरचा (हृदय थांबल्यावर छाती दाबून, श्वास देऊन जीव वाचवण्याचा) कोर्स केला तरी तीन ते सहा महिन्यांत हात विसरायला लागतात. सर्टिफिकेट दोन वर्षांचं, हात सहा महिन्यांचे. त्यामुळे कोर्स करा आणि मग दवाखान्यातच ड्रिल घ्या. आमची पहिली ड्रिल अ‍ॅनाफिलॅक्सिसची, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या तीव्र अ‍ॅलर्जीची, होती. इंजेक्शननंतर पेशंट कोसळला असं समजायचं, आमच्या कंपाउंडर काकांनी पेशंट व्हायचं. मी ऐटीत स्टॉपवॉच लावलं आणि म्हणाले, “अ‍ॅड्रेनालिन द्या.”

सिस्टर कपाटाशी गेल्या. “मॅडम, कुलूप आहे.”

“किल्ली?”

“तुमच्या पर्समध्ये.”

पर्स गाडीत होती. काका टेबलावर डोळे मिटून पडलेले, आणि तिथूनच म्हणाले, “मॅडम, मी गेलो बहुतेक.” अँप्यूल हातात यायला चार मिनिटं दहा सेकंद लागली. वर त्याची मुदत दोन महिन्यांपूर्वी संपलेली.

आता अ‍ॅड्रेनालिन इंजेक्शनच्या टेबलाशेजारी, बिनकुलपाच्या लाल डब्यात असतं. डब्याच्या झाकणावर जाड अक्षरात: ‘मोठ्यांना अर्धा मिली, १:१०००, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. मुलांना किलोमागे ०.०१ मिली, अर्ध्या मिलीच्या वर नाही. पाच मिनिटांत फरक नाही तर पुन्हा.’ मुदतीची तारीख फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेली असते. छाती दाबण्याचा सराव आम्ही जुन्या उशीवर करतो, मिनिटाला १०० ते १२०, मोबाइलवर मेट्रोनोम लावून. पाच-सहा सेंटिमीटर खोली उशीवर कळत नाही, तेवढ्यापुरता वर्षातून एकदा पुतळा मागून आणतो.

गेल्या वेळी पस्तीस सेकंद लागली. पुढच्या ड्रिलची तारीख सिस्टरनी ठरवली आहे. मला सांगितलेली नाही.