दार न फोडता उघडावं असं वाटत असेल तर

रात्री साडेतीनला आमच्या अग्निशमन केंद्रावर वर्दी आली. चौथा मजला, एकट्या राहणाऱ्या आजी बाथरूममध्ये पडलेल्या, आतून हाका येतायत. आम्ही जिना चढून पोचलो तर समोरच्या काकू हातात किल्ली घेऊनच उभ्या. मला हायसं वाटलं. सेफ्टी डोअर उघडलं, आतल्या दाराचं लॅचही किल्लीने फिरलं, पण दार जागचं हलेना. आजींनी झोपताना वरचा आणि खालचा, दोन्ही बोल्ट लावले होते.

"काकू, त्या रोज लावतात का हो बोल्ट?"

"मला काय माहीत? रात्री मी कशाला बघायला जातेय!"

मागच्या बाजूला पूर्ण ग्रिल, शिडीचा उपयोग नाही. शेवटी पहार लावली. चौकटीचा एक उभा तुकडा निघून आला. आजींचं खुब्याचं हाड मोडलं होतं, पण स्ट्रेचरवरून जाताना त्यांनी मला विचारलं, "दार आता कोण बसवून देणार?"

अग्निशमन दलात तीस वर्षं काढून मी निवृत्त झालो. एवढ्या वर्षांत बंद दाराच्या वर्द्या इतक्या केल्या, की आता कोणाच्याही घरी गेलो तरी आधी नजर कडीकडे जाते. बायको म्हणते, चहा घ्या आधी.

लोकांना वाटतं, बंबावर कसलीतरी जादूची किल्ली असते. बंबावर असतं लोखंड. जगभर वापरतात ते हॅलिगन नावाचं हत्यार न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलातल्या ह्यू हॅलिगन या अधिकाऱ्याने 1948 साली घडवलं. एका टोकाला फाटा, दुसऱ्या टोकाला चपटं पातं आणि बाजूला अणकुचीदार खिळ्यासारखं टोक. फट धरून दार आणि चौकट एकमेकांपासून ताणायचं, एवढंच त्याचं काम. हातपंपावर चालणारा छोटा हायड्रॉलिक जबडा असतो, तोही फटीत घालून तेच करतो, फक्त आवाज कमी. दोन्हींची खूण दारावर राहतेच. त्यातल्या त्यात हलकं नुकसान करणारं अवजार म्हणजे कुलपाचा सिलिंडर, म्हणजे किल्ली जिथे शिरते तो गाभा, ओढून काढणारं. त्याने कुलूप जातं, दार वाचतं. पण हे सगळं कुलपाशी भांडायला. आतून दोन बोल्ट लावले असतील तर सिलिंडर ओढून काय करणार?

शहाणा अधिकारी आधी दार नुसतं ढकलून बघतो. हसू नका, कित्येकदा ते उघडंच असतं. मग खिडकी बघतो. बिनग्रिलची एक खिडकी आणि शिडी, याहून कमी नुकसानीचा रस्ता नाही. तुमची सगळी ग्रिलं पक्की असतील तर निदान एका ग्रिलला उघडणारी खिडकी करून घ्या. तिच्या कुलपाची किल्ली आतच, पण बाहेरून हात पोचणार नाही अशा खिळ्यावर. आग लागली तर तुम्हालाही तिथूनच बाहेर पडता येईल.

अमेरिकेत इमारतीच्या दर्शनी भिंतीत किल्लीची पोलादी पेटी बसवतात आणि ती उघडणारी किल्ली फक्त अग्निशमन दलाकडे असते. 1975 पासून नॉक्स नावाची कंपनी त्या पेट्या विकते. माझ्या गाडीवर अशी किल्ली कधी नव्हती. आपल्याकडे ते काम समोरच्या काकू करतात, आणि चोख करतात. फक्त त्यांच्याकडे दिलेल्या किल्लीने दार खरंच उघडलं पाहिजे.

म्हणून पहिलं काम हे करा. आज रात्री झोपताना दार रोज लावता तसंच लावा: लॅच, बोल्ट, साखळी, जे असेल ते. मग शेजाऱ्यांना फोन करून सांगा, तुमच्याकडच्या किल्लीने उघडून दाखवा. दहातल्या सात घरी उघडणार नाही, असा माझा आपला अंदाज.

उघडलं नाही तर कारण बहुधा बोल्ट असेल. म्हातारं माणूस एकटं राहत असेल तर बोल्ट काढून टाका आणि त्याऐवजी बाहेरूनही किल्लीने उघडेल असं चांगलं कुलूप बसवा. आईच्या घरचे मी स्वतः काढले. ती अजून म्हणते, दाराला भोकं करून ठेवलीस. दुसरं कारण म्हणजे आतून किल्ली कुलपातच ठेवायची सवय. बऱ्याच सिलिंडर कुलपांत आत किल्ली असली की बाहेरची किल्ली पुरती शिरतच नाही. आत किल्ली असतानाही बाहेरून उघडणारा सिलिंडर मिळतो. दुकानात एका बाजूला किल्ली घालून दुसऱ्या बाजूने फिरवून बघा, मगच पैसे द्या. नाईट लॅचची आतली कळ दाबली की काही लॅचांची बाहेरची किल्ली बंद पडते, तेही बघून ठेवा.

किल्ल्या दोन घरी द्या, एकच काकू गावाला गेल्या की पंचाईत. किल्लीवर फ्लॅट नंबर लिहू नका. पायपुसण्याखाली आणि चपलांच्या कपाटात ठेवू नका, चोर पहिल्यांदा तिथेच बघतो. शेजार नसेल तर आकडे जुळवून उघडणारी किल्लीची पेटी भिंतीत आतून बोल्ट मारून बसवा आणि आकडा मुलांना, भावाला सांगून ठेवा.

आता बाथरूम. इथे मी जरा जास्त बोलतो, कारण बाथरूमच्या दारापाशी गेलेली मिनिटं मला आठवतात. आतली साधी कडी काढा आणि बाहेरच्या बाजूला खाच असलेलं लॅच बसवा. त्या खाचेत एक रुपयाचं नाणं घालून फिरवलं की दार उघडतं. दार आत उघडत असेल तर पडलेलं माणूसच दाराला अडसर होतं, मग नाण्यानेही काही होत नाही. सुताराला सांगून दार बाहेर उघडणारं करून घ्या. आणि गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल तर तो आजच बाहेर काढायचं बघा. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस गुपचूप बेशुद्ध पडतं आणि घरच्यांना वाटतं, अंघोळ लांबली.

दोन वर्षांचं पोर खोलीत शिरून कडी लावून घेतं, ही तर दर महिन्याची वर्दी. खालचे बोल्ट काढा, वरचा ठेवा. अडकलंच तर दारावर धक्के मारू नका, पोर घाबरून दारालाच चिकटतं. आजीला बाहेरून गाणं म्हणायला बसवा.

डिजिटल कुलूप असेल तर त्याची साधी किल्ली घरातच कपाटात ठेवून काय उपयोग? ती शेजारी द्या. बॅटरी संपली तर बऱ्याच कुलपांना खालून 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवून जीव देता येतो, काहींना मोबाइलचा चार्जर लागतो. तुमच्याला काय लागतं ते आज वाचा.

लिफ्टच्या त्रिकोणी किल्लीबद्दल एकच: ती शिकवलेल्या माणसाखेरीज कोणी वापरायची नाही, सेक्रेटरीनेसुद्धा. दार उघडतं, पण समोर लिफ्ट असेलच असं नाही.

101 किंवा 112 वर फोन केलात की पत्त्यासोबत एवढं सांगा: आत कोण आहे, आवाज देतंय का, दार लाकडी की लोखंडी, किती दारं, आतून बोल्ट आहे का, किल्ली कोणाकडे. गॅसचा वास येत असेल तर ते सगळ्यात आधी, आणि बेल वाजवू नका. वॉचमनला गेट उघडून जिन्यापाशी उभा करा.

आणि कुलूप बदललं की नवी किल्ली त्याच दिवशी शेजारी द्या. हे मी तुम्हाला सांगतोय खरं, पण मागच्या दिवाळीत आमच्याच घरी तालीम केली, तेव्हा समोरच्या वहिनींनी डब्यातून काढून दिलेली, तीन वर्षं जपून ठेवलेली किल्ली आमच्या जुन्या कुलपाची निघाली.