१९६३ची मुंबई उभी करायची तर आधी जाकीट शिवा

नाटकांची आणि छोट्या फिल्म्सची प्रॉपर्टी, म्हणजे सेटवर लागणाऱ्या वस्तू, सांभाळण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. हल्ली दर महिना-दोन महिन्यांनी एखादं पोरगं दारात उभं राहतं. "काका, साठच्या दशकातली मुंबई करतोय, पंधरा मिनिटांची. चाळीतला पोरगा चोरट्या सोन्याच्या धंद्यात शिरतो, एका टायपिस्टवर प्रेम असतं. हॅट मिळेल का?"

हॅट मिळेल. आधी साल सांग.

कॅमेऱ्यासमोर 'साठचं दशक' असं काही नसतं, एक साल असतं. माझं ऐकाल तर १९६३ धरा. चीनचं युद्ध नुकतंच झालेलं. जानेवारीत सुवर्ण नियंत्रण आलं, चौदा कॅरटच्या वर दागिने घडवायला बंदी. म्हणजे सोनार घरी बसले आणि तुमच्या नायकाला कामधंदा मिळाला! दारूबंदी आहेच. ट्रामही अजून धावतेय. ती ३१ मार्च १९६४ला थांबली.

आता पैसा. इथेच सगळे आपटतात, मीही आपटलोय. एका फिल्मला घाईत नोटांचं बंडल दिलं. पहिल्या खेळाला पुढच्या रांगेतले एक आजोबा मोठ्यांदा म्हणाले, "अहो, यावर गांधीजी कसे?" खरंच होतं. नेहमीच्या सगळ्याच नोटांवर गांधीजी आले १९९६च्या मालिकेपासून. आणि १९६७च्या आधीची शंभराची नोट आजच्यापेक्षा चांगली ऐसपैस होती. ती दुमडून खिशात घालायची पद्धतच वेगळी. चोरबाजारात एखादी जुनी नोट मिळाली तर वर ठेवा, खाली त्याच मापाचे कोरे कागद कापून घाला. हुबेहूब नक्कल छापायला जाऊ नका, तो आजही गुन्हा आहे. चिल्लर दाखवायची तर नाण्यावर 'नये पैसे' हवेत, पण पात्रं बोलताना 'चार आणे'च म्हणतील.

चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवरची पक्की दुकानं शुक्रवारी बंद असतात. मात्र त्याच दिवशी पहाटे रस्त्यावर जुना बाजार भरतो. मी तिथेच जातो, हातात टॉर्च घेऊन. बेकेलाइटची विजेची गोल बटणं, काळा डायलचा फोन, चिनीमातीचे फ्यूज. बटणं घ्याच. भिंतीवर आजचा स्विचबोर्ड दिसला की बाकीचा खर्च पाण्यात.

क्लबचा सेट? विसरा. चर्चगेट स्ट्रीटवरच्या रेस्टॉरंटांत तेव्हा गोव्याचे वादक जॅझ वाजवायचे, हे सगळ्यांना दाखवायचं असतं आणि त्यातच बजेट संपतं. एक टेबल, पांढरा कपडा, मागे अंधारात एकच ट्रम्पेटवाला. टेबलावर गोल्ड स्पॉट ठेवा, उघड्यावर व्हिस्की नको. दोन गाण्यांच्या मधे वादकांना आपसात कोकणीत कुजबुजू द्या. गोवा मुक्त होऊन दीड-दोन वर्षंच झालीत, बोलायला विषय भरपूर.

रस्ता शक्यतो दाखवूच नका, ऐकवा. चाळीच्या लाकडी जिन्यावर साठ वॉटचा पिवळा बल्ब, आणि लांबून गिरणीचा भोंगा. नायकाचा बाप त्या भोंग्याला उठतो. पोरगा त्याच भोंग्याला घरी परततो, नवे बूट हातात धरून. या एका शॉटमध्ये त्याची सगळी हाव कळते. (बूट हातात का, हे विचारणाऱ्या दिग्दर्शकाबरोबर मी काम करत नाही.)

बाकीचं भराभर सांगतो. गच्चीवर टीव्हीचा अँटेना नको, मुंबईत टीव्ही आला २ ऑक्टोबर १९७२ला. गाडीवर 'एमएच' नको. बेलबॉटम नको, अरुंद पँट शिवा. हवालदार निळ्या गणवेशात, अर्ध्या चड्डीत.

टायपिस्ट मुलीसाठी एकच वस्तू: चोरून आलेलं परदेशी घड्याळ. ऑफिसात ती बाही खाली ओढून ते झाकते, जिन्यात एकटी असली की बाही वर करते. एवढं जमलं तर प्रेमाचे संवाद निम्मे कापा.

आणि जाकीट. चोरटं सोनं दहा-दहा तोळ्यांच्या बिस्किटांत यायचं, एक बिस्कीट जवळजवळ ११७ ग्रॅमचं. शर्टाखालच्या खिसेवाल्या जाकिटात शंभर बिस्किटं भरली तर साडेअकरा किलोच्या वर होतात. नट लोक आत थर्माकोल घालून ऐटीत चालतात, आणि ते दिसतं. मी फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी पट्टीचे तुकडे कापून आणतो, मांजरपाटाचं जाकीट दुहेरी शिवणीचं करून घेतो आणि नटाला सकाळपासून ते घालायला लावतो. दुपारपर्यंत खांदे आपोआप उतरतात, जिना चढताना हात कठड्याकडे जातो.

मागच्या वर्षीच्या फिल्ममध्ये नायक झोपलेला असतो आणि नायिका खुर्चीवरचं जाकीट उचलून खुंटीला लावायला जाते. मुलीला वजन सांगितलं नव्हतं. पहिल्या टेकला जाकीट तिच्या हातून सुटलं, दुसऱ्याला खुंटीच भिंतीतून निघाली. फिल्ममध्ये पहिलाच टेक ठेवलाय.