जर्मॅनिक भाषांतले वारशाचे शब्द : व्युत्पत्ती सांगताना या चुका टाळा

जर्मन 'एर्बे' म्हणजे वारसा, वारसही. इंग्रजी 'एअर' म्हणजे वारस. कानाला जवळचे आणि अर्थानेही जुळणारे, म्हणून पुष्कळ जण हे दोन्ही शब्द एकाच कुळात बसवतात. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. 'एअर' लॅटिन 'हेरेस'पासून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. लॅटिन शब्दाच्या सुरुवातीला 'ह' असेल, तर त्याच्या जर्मॅनिक (म्हणजे जर्मन, इंग्रजी, स्वीडिश ज्या कुळातल्या, त्या कुळातल्या) भावंडात सहसा 'ग' सापडतो : लॅटिन 'होस्तिस' (परका, शत्रू), गॉथिक या लुप्त जर्मॅनिक भाषेतला 'गास्त्स' (परका, पाहुणा), इंग्रजी 'गेस्ट'. 'एर्बे'त तो 'ग' कुठेच नाही.

'एर्बे'चं गणगोत वेगळं आहे. गॉथिक 'आर्बी', स्वीडिश 'आर्व'. नॉर्वेतल्या ट्यूनच्या शिलालेखात, साधारण इ. स. 400 च्या सुमारास, दगडाच्या एकाच बाजूवर तीन मुलींचा उल्लेख आणि 'आर्बिया' म्हणजे वारसा हा शब्द कोरलेला आहे. लॅटिन 'ऑर्बुस' (पोरका), ग्रीक 'ऑर्फानोस' (अनाथ) आणि संस्कृत 'अर्भ' हे याच घराण्यातले मानले जातात. आपलं 'अर्भक' त्या 'अर्भ'वरूनच आलं. इथे लगेच 'वारस म्हणजे पोरका झालेला' अशी गोष्ट रचू नका. ती शक्य आहे, पण हित्ती या आजच्या तुर्कस्तानातल्या प्राचीन भाषेतलं 'वेगळं होणं, बाजू बदलणं' या अर्थाचं क्रियापदही याच मुळाशी जोडलं जातं. ते धरलं तर मूळ कल्पना मालकी एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याची ठरते. दोन्ही मतं द्यावीत.

'ओडाल' आणि 'अलोड' यांचा घोळ तर फारच होतो. अक्षरं उलटसुलट केली की एकातून दुसरा निघतो, हे साफ चूक. जुन्या नॉर्समधलं, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेतलं, 'ओडाल' म्हणजे वडिलोपार्जित जमीन. जुन्या इंग्रजीत त्याचं भावंड 'एथेल', अर्थ मायभूमी. फ्रँक या जुन्या जर्मॅनिक लोकांच्या 'अलोड'मध्ये (पूर्ण मालकीची मालमत्ता) 'आल' म्हणजे सगळं आणि 'ओड' म्हणजे संपत्ती. 'एडवर्ड' नावातला 'एड' हा या 'ओड'चा सख्खा.

मराठीत लिहिताना 'ओडाल'ला 'वतन' म्हणण्याचा मोह होतो. तो आवरा. वतनाला चाकरी आणि राजाची सनद चिकटलेली असते, तर ओडाल जमीन कुणा सरदाराने दिलेली नसते. तिचा हक्क कुळातून येतो. 'मिरास' त्यातल्या त्यात जवळचा शब्द, पण मिरासदार सारा भरायचा, हे सोबत सांगावं. नॉर्वेत हा हक्क आजही कायद्यात आहे : ओडाल शेत बाहेरच्याला विकलं, तर ठरावीक मुदतीत नातेवाईक ते सोडवून घेऊ शकतात.

शेवटचं, ओडाल नावाच्या रूनबद्दल, म्हणजे जुन्या जर्मॅनिक लिपीतल्या अक्षराबद्दल. 1933 मध्ये नाझी राजवटीने वंशपरंपरागत शेतांचा कायदा केला, आणि 'रक्त व भूमी'च्या प्रचारात हे चिन्ह ओढलं गेलं. तो अर्थ प्राचीन म्हणून खपवू नका. जुन्या इंग्रजी रून-कवितेत 'एथेल'च्या कडव्यात माणसाला आपलं घर प्रिय असतं, एवढंच म्हटलं आहे.