वैयक्तिक माहिती फुटली? तक्रार करताना या चुका टाळा

कळंगुटला खोली घ्या की म्हापशात भाड्याची स्कूटर, समोरचा आधारचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागतो आणि आपण पाठवून मोकळे होतो. पूर्ण क्रमांकाची तिथे गरज क्वचितच असते. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून मास्क्ड आधार उतरवून घ्या. त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. झेरॉक्सवर कुणाला, कशासाठी, कोणत्या तारखेला दिली ते छापील मजकुरावरूनच आडवे लिहा. कोपऱ्यात लिहिलेले कापून टाकता येते. बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, म्हणजे ठशांची नक्कल वापरून आधारशी जोडलेल्या खात्यातून पैसे काढता येत नाहीत.

सर्वात महागात पडते ती कायदा निवडण्यातली चूक. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातल्या २५० कोटींच्या दंडाचा दाखला देऊन लोक भरपाई मागतात. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. शिवाय तो दंड सरकारी तिजोरीत जातो. तुमच्या हाती त्यातला पैसाही येत नाही.

भरपाईसाठी तोवर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३अ आहे. अर्ज पोलिसांकडे नव्हे, राज्याच्या आयटी सचिवांकडे करायचा. ५ कोटींपर्यंतचे दावे न्यायनिर्णय अधिकारी म्हणून तेच ऐकतात. एकट्याच्या मालकीचे गेस्ट हाऊसही या कलमाखाली येते. मात्र फुटलेली माहिती पासवर्ड, बँक तपशील, आरोग्य, बायोमेट्रिक अशी ‘संवेदनशील’ हवी आणि निष्काळजीपणामुळे नुकसान झाल्याचे दाखवावे लागते. नुसता फोन नंबर गेला तर हे कलम लागत नाही. नवा कायदा पूर्ण लागू झाला की ते रद्द होईल. सामान्य माणसाचे यात नुकसानच आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. म्हणून दावा लांबणीवर टाकू नका.

पैसे गेले असतील तर वकील शोधत बसू नका. आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, लगेच बँक. रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी गोठवली गेली तरच परत मिळण्याची आशा असते.

आणि रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका. स्क्रीनशॉटमध्ये नंबर किंवा लिंक, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. फोनही फॉरमॅट करू नका: न्यायालयात प्रिंटआउटसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते आणि त्यात त्याच फोनचा तपशील व फाइलचे हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) भरावे लागते.